केतकी दिसेपर्यंत

"लागला का दिवा?" मी आतल्या खोलीतून ओरडले.

"कुठला? इथं चार आहेत," बाहेरून ह्यांचा आवाज आला.

"तिसरा! तिसरा बघा."

"डावीकडनं का उजवीकडनं?"

मी कॉम्प्युटरच्या टेबलाखाली गुडघ्यांवर बसले होते. हातात निळ्या वायरचं टोक, तोंडात पदर, डोक्यावर टेबलाची कड. वायर उंबऱ्यावरून, दाराच्या फटीतून बाहेरच्या खोलीत गेली होती. तिथं फोनशेजारी तो पांढरा डबा, मोडेम, ठेवलेला होता, आणि त्याच्यासमोर कॉटवर उशांना टेकून हे बसले होते. हृदयाच्या ऑपरेशनला महिनाही झाला नव्हता. डॉक्टरांनी वाकायचं नाही, उचलायचं नाही आणि मनाला काही लावून घ्यायचं नाही, असं बजावलं होतं. म्हणून त्यांच्याकडे फक्त दिवे बघायचं काम होतं.

"डावीकडनं तिसरा!"

"लुकलुकतोय."

"थांबलाय का लुकलुकायचा?"

"थांबला... थांबला गं विजया!" मग हे हळूच म्हणाले, "नाही. परत लागलाय लुकलुकायला."

मी टेबलाखालीच बसून राहिले. लाइनमन गवळी सकाळी डबा लावून गेले होते. जाताना म्हणाले होते, "ताई, तिसरा दिवा स्थिर झाला की समजायचं नेट आलं." आमचा दिवा काही स्थिर होत नव्हता.

ही गोष्ट बार्शीतली. मोबाइलवर माणसाचा चेहरा दिसायला लागला त्याच्या आधीची. तेव्हा घरात इंटरनेट हवं तर टेलिफोनच्या तारेतून घ्यावं लागायचं. आमच्या आळीत तोवर कुणी घेतलं नव्हतं. आम्ही दोघंच माणसं, मी ब्लाउज शिवणारी, हे एसटी डेपोतून निवृत्त झालेले. लोकांना वाटलं, म्हातारपणी ह्यांना चळ लागला.

पण मला ते हवं होतं, कारण आमची एकुलती एक केतकी इंदूरला दिली होती आणि केतकीला ऐकू येत नव्हतं.

जन्मापासूनच येत नव्हतं. सोलापूरच्या कर्णबधिर शाळेत तिला ठेवली, तेव्हा ती पाच वर्षांची होती. शाळेत बाई ओठ वाचायला शिकवायच्या, हातांनी बोलू द्यायच्या नाहीत. पण वसतिगृहात दिवे गेले की मेणबत्तीच्या उजेडात सगळ्या पोरी हातांनीच बोलायच्या. सुट्टीत घरी आली की केतकी ती भाषा मला शिकवायची. मी शिलाई मशीन बंद करून तिच्यासमोर बसायची. हळूहळू आम्हा दोघींची अशी एक बोलीच तयार झाली, अर्धी तिच्या वसतिगृहातली, अर्धी आमच्या स्वयंपाकघरातली. ह्यांना मात्र ते जमलं नाही. जेव, झोप, ये, शाब्बास, एवढंच. बाकी हे तिच्याशी तोंड मोठं करून, जोरजोरात बोलायचे. तिला ऐकू येत नाही हे ह्यांना ठाऊक होतं. तरी आवाज चढायचाच.

पुण्याला वधूवर मेळाव्यात सौरभ भेटला. तोही तसाच, ऐकू न येणारा. घरचे टोकेकर, पिढ्यान्पिढ्या इंदूरचे मराठी. सासू, मोठा दीर, जाऊ शुभांगी, सगळे ऐकणारे-बोलणारे. माणसं चांगली वाटली. लग्न झालं. वर्षाच्या आत दिवस गेल्याची बातमी आली. मी शिलाईतून उरलेल्या मऊ कापडांची दुपटी शिवायला घेतली.

केतकीशी फोनवर बोलता येत नसे, पण ती मोबाइलवर निरोप लिहायची. तिचं मराठी तिचं स्वतःचं होतं. जे कानावरून कधी गेलंच नाही ते बोटांत कुठून यावं? ‘आई मी जेवण झाली. इथे पाऊस खूप. बाबा औषध दे.’ असं. मला ते वाचताना तिचे हातच दिसायचे.

ह्यांचं ऑपरेशन झालं आणि आम्ही घरी आलो, त्यानंतर एक दिवस निरोप आला: ‘आई, मी मजेत आहे. माझी काळजी करू नकोस. बाबांच्या तब्येतीला जप.’

मी ह्यांना वाचून दाखवला.

"छान सुधारलं की गं पोरीचं मराठी," हे म्हणाले.

मी मात्र तो पुन्हा वाचला. त्यात एकही चूक नव्हती.

मग तसेच निरोप येत राहिले, नीटनेटके, शुद्ध. मी विहीणबाईंना फोन लावला.

"केतकी कशी आहे?"

"मजेत आहे हो. तुम्ही भाईसाहेबांकडे बघा. आधीच तुमच्याकडे दुखणं."

"जरा सौरभरावांना सांगता का, तिला म्हणावं आईला दोन ओळी लिही."

"लिहिते की ती. रोज लिहिते."

मी यायचं म्हटलं, तर त्या घाईघाईने म्हणाल्या, "आत्ता नका येऊ. त्यांना एकटं टाकून कशा येणार?" हेही खरंच होतं. ह्यांना अजून आधाराशिवाय न्हाणीत जाता येत नव्हतं. त्यांच्यापुढे बोलायची सोय नव्हती, रडायची तर नव्हतीच. मी काय काय कल्पना करायची! चूल, रॉकेल, बंद खोली. पेपरात वाचलेलं सगळं डोळ्यांपुढे यायचं आणि मी हातातलं काम टाकून मागच्या दारी जाऊन उभी राहायची.

अशात एक दिवस शुभांगीचा फोन आला. आवाज दबका, जसा काही स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातून बोलत होती.

"काकू, तुमच्याकडे केतकीचा जुना कॉम्प्युटर आहे ना? त्याला नेट घ्या. कॅमेरा घ्या. आमच्याकडे आहे. लवकर घ्या."

"का गं? काय झालंय?"

"तुम्ही तिला बघायला हवं, काकू. आणि तिने तुम्हाला. मला फोनवर नाही सांगता येणार. मी सांगितलं म्हणून म्हणू नका कुणाला."

म्हणून तो डबा आला होता, आणि कॉम्प्युटरवर कॅमेराही बसला होता.

दिवा लुकलुकतच राहिला. दुसऱ्या दिवशी मी मदत केंद्राला फोन लावला. पलीकडून एक तरुण आवाज हिंदीत बोलायला लागला.

"मॅडम, मोडेम को एक बार बंद करके चालू कीजिए."

"किया, भाऊ. बहोत बार किया."

"कौन सी लाइट ब्लिंक कर रही है?"

"तिसरी. डावी... बायीं तरफ से."

"मॅडम, लाइन में प्रॉब्लेम है. आपके एक्स्चेंज में कम्प्लेंट डालिए."

मी टेलिफोन ऑफिसात गेले. गवळी दुसऱ्या गावाला गेले होते. साहेबांनी सांगितलं, लाइन ठीक आहे, कॉम्प्युटर जुना आहे. मी कॉम्प्युटरवाल्या दुकानदाराला घरी आणलं. त्याने पेटी उघडली, आत फुंकर मारली, वायर जिथं खुपसतात ते कार्ड नवं बसवलं आणि म्हणाला, "मावशी, आमच्याकडनं ओके आहे. लाइनचाच घोळ." मी पुन्हा ऑफिसात गेले.

"साहेब, मला मुलीला बघायचंय," मी म्हटलं.

"तोवर फोन करा की मुलीला."

"ती फोनवर बोलत नाही."

साहेबांनी चष्म्यावरून माझ्याकडे बघितलं. "भांडण झालंय का?"

मागे रांगेत माणसं उभी होती. कुणाला काय काय सांगायचं? मी "नाही" म्हटलं आणि बाहेर येऊन पायरीवर बसले. समोरून भाजीच्या गाड्या जात होत्या. जगात सगळ्यांचं सगळं चालू होतं. माझी लेक सहाशे किलोमीटरवर काहीतरी भोगत होती, आणि माझं सगळं बळ एका डब्यावरच्या मुगाएवढ्या दिव्यापाशी अडकलं होतं.

घरी आले तर हे डब्यासमोर बसून होते. "मी सकाळपासनं बघतोय," म्हणाले, "मधनंमधनं थांबतो गं. पण टिकत नाही." मग जरा वेळाने विचारलं, "विजया, एवढी घाई कशाची लावलीस? पोरगी मजेत आहे ना?"

"मजेतच आहे. बघावंसं वाटतं म्हणून," मी म्हटलं आणि चहा टाकायला गेले.

शेवटी गवळी आले ते आठवड्याच्या अखेरीला, दुपारी. खांबावर चढले. खाली येऊन म्हणाले, "तार कुजलीय ताई. दोन ठिकाणी जोड आहेत. ही बदलायलाच पायजे." बदलली. हे आतून ओरडले, "थांबला! थांबला!" आणि ह्या वेळी तो खरंच थांबला. गवळींनी नाव आणि पासवर्ड घातला, तो चुकला, परत घातला, मोठी अक्षरं आहेत का लहान यावर आमचा दोघांचा थोडा वाद झाला, आणि कोपऱ्यात दोन बारक्या कॉम्प्युटरांचं चित्र उमटलं.

"झालं," ते म्हणाले. "आता बोला कुणाशी बोलायचंय त्यांच्याशी."

ते गेल्यावर मी शुभांगीला फोन केला. "दुपारी सासूबाई पडतात जरा," ती म्हणाली. "थांबा, लावते." तिने फोनवरच मला एकेक बटण सांगितलं. मी चुकत होते, ती परत सांगत होती. मग पडदा काळा झाला आणि त्यात आधी कपाटाचं दार, मग शुभांगीचा हात, मग एक भिंत दिसली.

आणि केतकी येऊन खुर्चीवर बसली.

मी आधी तिचं अंग बघितलं. गळा, दंड, कपाळ. कुठं डाग नाही, वळ नाही. साडी स्वच्छ, केस विंचरलेले, बहुतेक शुभांगीने विंचरलेले. मी देवाचे आभार मानले. मग माझं लक्ष तिच्या हातांकडे गेलं. ते मांडीवर पडून होते, कुणीतरी आणून ठेवल्यासारखे. ही पोर पाळण्यात होती तेव्हापासून मी तिचे हात असे कधी बघितले नव्हते. झोपेतसुद्धा तिची बोटं बोलायची.

मी हात उचलले. ‘केतकी. आई. इकडे बघ.’

तिने बघितलं. किती तरी वेळ नुसतं बघितलं. मागून शुभांगीचा आवाज आला, "काकू, ती आमच्याशी बोलतच नाहीये. सौरभ भाऊजींशीही नाही. हात उचलतच नाही. निरोप मीच लिहीत होते."

‘काय झालं?’ मी विचारलं.

तिचे हात वर आले, काहीतरी झालं, आणि खाली गेले. मला काही कळलं नाही. चित्र धड चालत नव्हतं. हात छातीशी दिसायचे आणि एकदम मांडीवर. मधलं सगळं गळायचं. आमच्या भाषेत तर मधलंच बोलणं असतं. नुसती सुरुवात आणि शेवट बघून काय कळणार?

‘परत सांग. हळू.’

तिने परत सांगितलं. ह्या वेळी चित्र अडकलं, तिचा चेहरा चौकोन चौकोन होऊन फुटला, आणि जोडला गेला तोवर हात खाली.

‘परत. कळलं नाही. हळू हळू.’

आज एवढ्या वर्षांनीही मला ते आठवलं की बसल्या जागी कसंतरी होतं. मला काय माहीत, मी तिला काय परत परत सांगायला लावत होते?

तिसऱ्यांदा तिने एकेक खूण केली आणि प्रत्येक खूण धरून ठेवली, मला दिसावी म्हणून. दोन्ही हातांचा पाळणा केला. थांबली. पोटाशी नेला. थांबली. मग तळवे उघडले आणि माझ्यासमोर धरले. रिकामे.

मी तशीच बसले. माझे हात हवेत राहिले.

मग तिने भराभर बोलायला सुरुवात केली आणि मला तुटक तुटक दिसत गेलं. दवाखाना. तपासायचं म्हणून नेलं. डॉक्टर सासूशी बोलली, सासू दिराशी बोलली. सगळ्यांची तोंडं हलत होती. तिने ह्याच्या तोंडाकडे बघितलं, त्याच्या तोंडाकडे बघितलं. सगळे भराभर बोलत होते आणि तिच्याकडे वळून हसत होते. सुई दिली. जाग आली तेव्हा बाळ नव्हतं. सौरभला कागदावर लिहून सांगितलं होतं. त्याला माहीत होतं. त्यानेही सांगितलं नाही. ‘मला कुणी सांगितलं नाही. माझं पोट. मला नाही सांगितलं.’

"काकू," मागून शुभांगी सांगत होती, "पाचव्या महिन्यात ठोकेच थांबले होते बाळाचे. काही करण्यासारखं नव्हतं. ती घाबरेल म्हणून सासूबाई म्हणाल्या नंतर सांगू. आणि तुमच्याकडे काकांचं असं... तुम्हाला तरी कसं सांगायचं?"

वाईट माणसं नव्हती ती. कुणावर राग काढावा असं एकही माणूस मला त्या चित्रात सापडेना.

"काय म्हणतेय गं?"

हे दारात उभे होते. भिंतीला धरून, निळ्या वायरवरून पाय जपून टाकत आत आले होते.

मी डोळे पुसले. "काही नाही. म्हणते, बाबांना बघायचंय."

हे माझ्या खुर्चीमागे आले. पडद्याकडे बघत राहिले. केतकीचे हात अजून पाळण्यापाशीच होते. ती पुन्हा तेच सांगत होती, आता माझ्या विचारण्यावाचूनच.

"मला कळलं," हे म्हणाले. "पाळणा काय मला कळत नाही?"

मला वाटलं, आता ह्यांच्या छातीत कळ येणार. मी उठून त्यांना धरायला गेले, पण त्यांनी माझा हात बाजूला केला आणि ते माझ्या खुर्चीत बसले. दोन्ही हात वर घेतले. काय करावं ते त्यांना सुचेना. जेव, झोप, ये, शाब्बास, एवढेच शब्द होते त्यांच्या हातांत. त्यातला एकही कामाचा नव्हता. मग त्यांनी नेहमीसारखं तोंड मोठं केलं आणि जोराने हाक मारली, "बाळा! अगं माझ्या बाळा!"

ती हाक तिकडे पोचली. शुभांगी हुंदका देऊन रडल्याचं मला ऐकू आलं. केतकी बापाच्या ओठांकडे बघत होती, डोळे बारीक करून, लहानपणी बघायची तशी. तिचा उजवा हात उठायला लागला.

तेवढ्यात चित्र थांबलं.

"काय झालं?"

"अडकलंय. येईल आत्ता."

आलं नाही. बाहेर जाऊन बघितलं तर तिसरा दिवा पुन्हा लुकलुकत होता. आत केतकी हात अर्धा उचलून तशीच बसलेली. मी मोडेम बंद करून चालू करू म्हटलं, तर हे म्हणाले, "नको. ती जाईल." संध्याकाळी लाइट गेली तोवर आम्ही दोघं त्या चित्रासमोर बसून होतो.

पुढे म्हणाल तर बरंच झालं. ह्यांची बहीण राहायला आली आणि मी इंदूरला जाऊन केतकीला घेऊन आले. ती दिवाळीपर्यंत राहिली. सौरभ दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा ती त्याच्याकडे पाठ करून बसली. दुसऱ्यांदा दोघं अंगणात तासभर एकमेकांवर हात झाडत भांडली, आणि ती त्याच्याबरोबर परत गेली. विहीणबाईंनी माझ्याशी दवाखान्यातल्या त्या दिवसाचा विषय कधी काढला नाही. शुभांगी खुणा शिकली, चांगल्या शिकली.

पण मी सांगतेय ते चित्र अडकलं त्याच्या दुसऱ्या दिवसाचं. सकाळी गवळींना घरून धरून आणलं. त्यांनी काय केलं कोण जाणे, दिवा थांबला. कॉम्प्युटर लावला तर केतकी आधीच तिकडे खुर्चीवर बसलेली. आदल्या दुपारपासून ती त्या पडद्यासमोरून हललीच नाही, शुभांगी म्हणाली. जेवणही तिथंच केलं.

मी रात्रभर ठरवून ठेवलं होतं काय काय विचारायचं ते. ‘मी येऊ? आज निघते. कुणी त्रास देतं? तुझ्या सासूशी बोलू? डॉक्टरशी बोलू? सांग, आई काय करू?’

केतकीने मान हलवली. ‘बाबा आजारी. तू येऊ नको.’

‘मग काय करू मी?’

तिने दोन बोटं आपल्या डोळ्यांकडे नेली आणि माझ्या डोळ्यांकडे वळवली.

‘बघ.’

‘काय बघू?’

‘मी सांगते. तू बघ.’

आणि तिने पहिल्यापासून सांगायला सुरुवात केली. डोहाळे कशाचे लागले होते, पोटात पहिल्यांदा काय हललं, नाव काय ठरवलं होतं. चित्र अडकत होतं, तुटत होतं. अर्ध्या खुणा गळत होत्या. मी ‘परत सांग’ म्हटलं नाही. हे शेजारी स्टूल ओढून बसले. त्यांना तर काहीच कळत नव्हतं, पण तेही पापणी न लववता बघत होते.